सागवानावरचा कोळसा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण सागवान चोरीची ती फिर्याद अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात ठाणेदार होतो. एका सरकारी वनकंपनीचे डेपो मॅनेजर सकाळीच ठाण्यात आले. डेपो रिकामा झाला, चौकीदारावर संशय आहे, म्हणाले. ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस आधी चोर मागतो. हे मात्र गुन्हा नोंदवल्याची प्रत मागत होते, तीही लगेच. मला ते खटकले. तरी फिर्याद आली, संशयिताचे नाव आले. चौकीदाराला अटक केली.

पन्नाशीचा कंत्राटी माणूस. चौकशीत त्याचे एकच पालुपद, ‘मले काही माहीत नाही साहेब.’ मध्येच विचारायचा, ‘गेटवर कोन हाये आता?’ कोठडीत बसून मालकाच्या गेटची काळजी करणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. हवालदार हसले. मला काही त्या दुपारी जेवण गेले नाही.

मग त्याची बायको आली. रडणे नाही, पाया पडणे नाही. सरळ टेबलासमोर उभी राहिली.

‘नोकरी जाईन म्हून हे बोलत नाही. मी सांगतो. डबा द्याले गेलतो तं पाह्यलं. कोळशाच्या गाड्या लाकडं भरून दिवसाढवळ्या गेल्या. त्या कायले आल्या होत्या, इचारा मॅनेजर सायबाले.’

कोळशाच्या गाड्या म्हणजे वणीच्या खाणींवरच्या. तिथला एक ट्रकचालक गाठला. माल कुठे उतरवला ते त्याने सांगितले : याच कंपनीच्या दुसऱ्या डेपोत. पंच घेऊन तिथे गेलो. सागवानाच्या थप्प्या नीट लागलेल्या. एका ओंडक्यावरून हात फिरवला, तर तळवा काळा. जंगलातून आलेल्या लाकडावर कोळशाची भुकटी कुठून येणार? पंचनामा केला, नमुने सील केले.

मॅनेजरांना बोलावून तो हात दाखवला. त्यांनी पाणी मागितले, मग बोलू लागले. दोन्ही डेपोंतला माल तारण दाखवून कंपनीने बँकेकडून कर्ज उचलले होते. माल होता एकाच डेपोपुरता. बँकेचा तपासनीस जिथे जाणार, तिथे तेच ओंडके आधी पोचायचे. या खेपेला बँकेने दोन्ही डेपो एकाच दिवशी तपासायचे ठरवले, आणि रिकाम्या डेपोचे कारण म्हणून बँकेला दाखवायला मॅनेजरसाहेबांना चोर हवा झाला.

‘वरून दबाव होता. चौकीदार काय, आज ना उद्या सुटलाच असता,’ ते म्हणाले. मला इतका संताप आला की उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

न्यायालयात अहवाल देऊन चौकीदाराला सोडवले. मॅनेजरांवर गुन्हा दाखल झाला. ‘वरून’ म्हणजे नेमके कोण, हे शेवटपर्यंत कुणाच्या जबाबात आले नाही. कर्ज मंजूर करणारे आपापल्या खुर्च्यांवर होते तिथेच राहिले.

काही दिवसांनी चौकीदार ठाण्यात आला. मला वाटले, आभार मानायला आला असेल.

‘डेपो बंद केला साहेब. माल नाही तं चौकीदार कायले, म्हनते.’

गुन्हा उघडकीस आणला की आपले काम झाले, असे मी तोवर मानत आलो होतो. त्या दिवशी त्याला चहा पाजण्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हते.