बारा कलमांची राखण

सहासष्टच्या जानेवारीत मला साठ दिवसांची रजा मिळाली. त्या रजेत मी जी मोहीम लढलो तिची नोंद पलटणीच्या कुठल्याही कागदात सापडणार नाही. शत्रू : उंदीर, घुशी आणि खारी. ठिकाण : बाभुळगाव तालुक्यातली नाल्याकाठची अर्ध्या एकराची वाडी. उद्देश : संत्र्याची कलमं वाचवणं. लोक ऐकून हसतात. हसू द्या. मी दोन लढाया पाहिल्या, पण इतकं डोकं कुठे चालवावं लागलं नाही.

मी पायदळाच्या पलटणीत सिग्नल प्लाटूनचा हवालदार होतो. आमचं काम टेलिफोनचं. कंपन्या पुढे खंदकांत बसतात, कमांडर मागे असतो. मधली केबल आम्ही अंथरायची आणि तुटली की जाऊन जोडायची. माझ्या लाइन पार्टीत लान्स नायक उत्तम होता. नाल्याच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा, पलीकडे त्याचं गाव. मी घरी गोरबोली बोलायचो, पलटणीत हिंदी, आणि उत्तमशी वऱ्हाडी. हजार माणसांत आपल्या बोलीत टोमणे मारणारा एक जण भेटला की नोकरी सोपी जाते. पासष्टच्या सप्टेंबरात पंजाबच्या सीमेवर तो पडला. वय बावीस.

वाडी त्याच्या आईची. नाव चंद्रभागा, पण तिला सगळे चंदामाय म्हणत. नवरा आधीच गेलेला, उत्तम एकुलता एक. चौसष्टच्या पावसाळ्यात तो रजेवर आला तेव्हा त्याने वाडीत संत्र्याची बारा कलमं लावली. जाताना आईला सांगून गेला, पाचव्या वर्षी फळ येईल, तोवर एकही मरू देऊ नको.

गावी पोचलो त्याच दिवशी चार वाजता मी वाडीवर गेलो. चंदामाय कलमांच्या मधोमध हातात काठी घेऊन बसली होती. मुलाबद्दल ती काही विचारेल या धास्तीने मी वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो. तिने काहीच विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि मग मला एकेका झाडापाशी नेलं. चार कलमं वाळून गेली होती. बुंध्याची साल जमिनीलगत चारी बाजूंनी कुरतडलेली.

"त्यानं बारा लावले होते, धनसिंग. चार गेले. मले तोंड दाखवाले जागा नाई राह्यली."

"कोणाले दाखवायचं तोंड, माय?"

"त्याले," ती म्हणाली.

मी छाती काढून सांगितलं, "साठ दिवस आहेत मायापाशी. आता एक पन जाऊ देत नाई."

"ते ठीक. पन मारायचं नाई."

मला वाटलं, ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तेव्हापासून रोज सकाळी पंचशील म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. "सकाई तोंडानं म्हनायचं अन् दुपारी उंदराइले जहर घालायचं, असं कसं चालंन?" तिने विचारलं. पगारी शिपायाला न मारण्याचा हुकूम! मी म्हटलं, "ठीक आहे, माय."

पहिले दोन दिवस मी फक्त टेहळणी केली. शत्रू कुठून येतो, कुठे राहतो, काय खातो हे कळल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा आमचा पहिला धडा. कुंपणाला लागून जळणासाठी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मोठा ढीग रचलेला होता. तेच त्यांचं हेडक्वार्टर. तिथून चर काढल्यासारखी त्यांची वाट थेट कलमांपर्यंत. आणि झाडांच्या बुडाशी ओल टिकावी म्हणून चंदामायने मायेने तणस अंथरलेलं. म्हणजे उंदरांना गादी घालून पंगतीला बसवलं होतं. खारींचा तळ कडुनिंबावर. त्या दिवसा उतरायच्या, टमाटे फोडायच्या, पेरू अर्धे खाऊन टाकायच्या आणि पेरलेला भुईमूग उकरून न्यायच्या. एक खार तर माझ्याकडे बघत बघत खायची.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता काम सुरू केलं. पऱ्हाटीचा ढीग दोनशे पावलं लांब नेला. तणस काढून बुंधे उघडे केले. बाभुळगावच्या हलवायाकडून तुपाचे रिकामे डबे आणले, तळ कापले, उभे चिरले आणि प्रत्येक बुंध्याभोवती पत्र्याची पट्टी बसवली, चार बोटं जमिनीत. बाहेरून बोरीच्या काट्या. जी बिळं सापडली त्यांत मिरची आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर सोडला, पण दुसरं तोंड मोकळं ठेवून. माघार घेणाऱ्याला वाट द्यायची. खोकून खोकून उंदीर पळाले आणि त्यांच्याहून जास्त मी खोकलो. भुईमुगाचं बियाणं एरंडीच्या तेलात घोळून पुन्हा पेरलं. खारींनी ते हुंगून सोडून दिलं.

ज्या तरीही ऐकेनात त्यांच्यासाठी दोन पिंजरे लावले. रोज सात वाजता युद्धकैदी घेऊन मी गावापलीकडची नदी ओलांडायचो आणि पलीकडच्या रानात सोडून यायचो. चंदामाय पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा टाकायची, वाटेत भूक लागली तर. गावातली माणसं ओट्यावरून विचारायची, "काहो फौजी, आज किती पकडले? सरकार तमगा देऊन राह्यलं का नाई?" मी सलाम ठोकून पुढे जायचो.

पंधरा दिवसांत खारींचा उपद्रव आटोक्यात आला. बुंध्यांवर नवा दात दिसला नाही. मी तांड्यावर फुशारकी मारायला लागलो होतो. आणि एकोणिसाव्या दिवशी सकाळी उरलेल्या आठांतलं एक कलम हलवून पाहिलं तर ते हातात आलं. घुशीने पत्र्याच्या खालून बीळ नेऊन मुळंच तोडली होती. आता सात राहिली.  ते कलम चंदामायने उचललं, पदराने त्याची माती पुसली आणि कुंपणाशी नेऊन ठेवलं.

माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी सायकलने बाभुळगावला जाऊन मी उंदीर मारायची काळी पावडर घेऊन आलो.

जहर घालायचंही शास्त्र असतं. उंदीर मोठा संशयी. एकदम जहर ठेवलं तर चाखून बाजूला होतो आणि पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून पहिले तीन दिवस मी ज्वारीच्या पिठाचे नुसते गोळे ठेवले. चंदामायने विचारलं, "हे काय करून राह्यला?" मी म्हटलं, "पोट भरलं की कलमं खानार नाई." तिचा चेहरा उजळला. "खाऊ घालून राह्यला? बेस केलं, बाप्पा." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पीठ आणून दिलं. चौथ्या दिवशी तिच्याच पिठात मी पावडर कालवली.

पाचव्या दिवशी सहा वाजता मी वाडीत होतो. चौदा मेले होते, त्यांत दोन घुशी. मी ते गोळा केले आणि सवयीप्रमाणे एका ओळीत मांडले, शेपट्या एका बाजूला. का मांडले? रिपोर्ट द्यायचा होता म्हणून. शिपाई असलाच मूर्खपणा करतो. चंदामाय डोक्यावर कळशी घेऊन आली, थांबली, कळशी खाली ठेवली.

"पिठाच्या गोळ्यांत होतं?"

"होय, माय."

"माया पिठाच्या?"

मी मान हलवली. ती मला वाडीतून हाकलेल असं वाटलं. ती त्या ओळीपाशी खाली बसली आणि इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"धनसिंग, माया उत्तमनं किती मारले?"

मला प्रश्न कळलाच नाही.

"कागद आलता पलटणीतून. गुरुजींकडून तीनदा वाचून घेतला. शत्रूशी लढताना, असं लिवलं हाय त्यात. लढताना म्हंजे मारलंच असंन ना कोणाले? त्याच्या हातानं कोणाची माय मायासारखी बसली असंन, हेच मनात येते. रातभर येते. कोणाले विचारू? तुले विचाराले मले भेव वाटे."

तिच्यासाठी मी एक गोष्ट तयार ठेवली होती. शूर मुलाची, सगळे सांगतात तशी. ती मी सांगितली नाही. जे घडलं ते घड्याळासकट सांगितलं.

त्या दिवशी दुपारी तीन चाळीसला बी कंपनीची लाइन गेली. तोफा चालू होत्या. केबल उसाच्या बांधावरून नेलेली, तेव्हा गोळ्याने तुटली असेल असंच धरलं. मी उत्तमला म्हटलं, "जा. पाहून ये." तो केबल हातात धरून, वाकून निघाला. चार वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

"उस्ताद, ऐकू येऊन राह्यलं का?"

"येते. कुठं तुटली?"

"तुटली नाई. उंदरानं खाल्ली. तोफ बिचारी फुकट बदनाम झाली." तो हसत होता.

"जोडली का?"

"जोडली."

"मंग ये लवकर."

"येतो."

चार दहाला बांधावर गोळा पडला. लाइन शाबूत राहिली. त्याच लाइनवरून मी बी कंपनीला सांगितलं की माझा माणूस आणायला माणसं पाठवा.

हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. उंदराने खाल्लेली तार जोडून परतताना गेला, हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? लढताना गेला म्हटलं की निदान मान ताठ राहते. मी असाच विचार केला होता. आणि त्या उंदराचा राग मी इथे येऊन या चौदांवर काढला होता, हे सांगता सांगता माझं मलाच कळलं. मला लाज वाटली.

"अन् त्याची बंदूक?" चंदामायने विचारलं.

"पाठीले होती. दोन्ही हात तारेत होते ना."

"गोळ्या?"

"पन्नास देल्या होत्या. नंतर मीच मोजून जमा केल्या. पन्नासच्या पन्नास."

"एक पन नाई मारली?"

"एक पन नाई, माय. त्या दिवशी नाई अन् त्याच्या आधी बी नाई. त्याचं काम तार जोडायचं होतं."

तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. गावात सगळे म्हणायचे, कागद आला तरी ही बाई रडली नाही. ती त्या सकाळी रडली, बराच वेळ. मी हवालदार माणूस, काय करावं ते सुचेना. मी कळशीतलं पाणी कलमांना घातलं.

ती शांत झाल्यावर मी उरलेलं सांगून टाकलं. "त्याले मी धाडलं होतं, माय."

"तू नसतं धाडलं तं?"

"दुसरा कोणी गेला असता."

"त्याले बी माय असंन," ती म्हणाली.

तिने एवढ्यावर तो विषय संपवला. मी अजून संपवलेला नाही.

मग तिने हुकूम दिले आणि मी ते पाळले. उरलेले विषारी गोळे एक-एक वेचून आणि चौदाही उंदीर घेऊन वाडीबाहेर कंबरभर खड्ड्यात पुरले. "पुन्हा जहर आणशीन तं इथं पाय ठेवू नको," ती म्हणाली. मी पुन्हा "ठीक आहे, माय" म्हटलं, आणि या वेळी ते मनापासून होतं.

घुशीवरचा उपाय शेवटी तिलाच सुचला. "घराच्या भुईत घूस येते, पन जिथं मुरूम ठोकला तिथं नाई येत," ती म्हणाली. आम्ही दोघांनी प्रत्येक कलमाभोवती, मुळं सांभाळून, दोन वीत खोल चर खणला आणि त्यात फुटकी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आणि मुरूम ठोकून भरला. फोडलेलं कवेलू घुशीच्या नाकाला टोचतं. इतका साधा उपाय माझ्या साऱ्या सिग्नलगिरीत नव्हता. साठाव्या दिवशी मी रजेवरून निघालो तेव्हा सातही कलमं उभी होती, आणि पुढे एकही गेलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो : आधी ढीग हलवा, बुंधा उघडा ठेवा, वर पत्रा लावा, खाली कवेलू भरा. जहराची गरज पडत नाही.

एकोणसत्तर साली मी पुन्हा रजेवर आलो तेव्हा पहिलं फळ धरलं होतं, बेताचंच. तिने ते विकलं नाही. टोपलीत घालून गावभर वाटलं, तांड्यावरही आणलं. तांड्यावर आमच्या घरासमोर माणसं बसली होती. लढाईच्या गप्पा निघाल्या. एक जण आदराने म्हणाला, "चंदामाय, तुह्या उत्तमनं तं लय दुश्मन लोळवले असतीन."

पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर उत्तमचं नाव कोरलेलं आहे. खाली 'शत्रूशी लढताना' असं लिहिलं आहे. ते खोटं नाही. चंदामायने त्या माणसाच्या हातात एक संत्रं ठेवलं.

"सरकारनं त्याले पन्नास गोळ्या देल्या होत्या," ती म्हणाली. "माया लेकानं पन्नास वापस केल्या."