आवतन घेतलेला विलायती बैल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की शंका काढणारा तो मीच. कोणी 'पांढऱ्या साडीतली बाई' म्हणालं, की मी 'साडी सुती की रेशमी?' विचारून मोकळा होतो. तेव्हा पुढचं वाचून 'हाही गेला कामातून' असं म्हणू नका... माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त हे माझ्यासमोर, सगळ्या घरादेखत घडलं, आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, हीच पंचाईत आहे.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरची. मी लंडनला जाहिरातकला शिकत होतो. शेवटच्या वर्षाआधी एखाद्या एजन्सीत उमेदवारी करावी लागे – आज तुम्ही तिला इंटर्नशिप म्हणता. तिचं सर्टिफिकेट नसेल तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, बिस्तरा गुंडाळून परत. मला मिळालेल्या एजन्सीकडे बैलगाडीच्या आसाला लावायच्या वंगणाची जाहिरात होती, माल हिंदुस्थानात खपवायचा. चित्र काढलं होतं हॅरी नावाच्या म्हाताऱ्या आर्टिस्टने. तांबडाबुंद बैल, उजव्या कुशीकडून दिसणारा, झकास! पण वशिंडच नाही.

"हॅरी, आमच्याकडे बैलाला खांद्यावर उंचवटा असतो," मी म्हणालो.

"असेल. माझा बैल असाच आहे," तो म्हणाला आणि पाइप ओढत बसला. तोवर पत्र्याच्या पाट्या छापूनही झाल्या होत्या.

साहेबांनी विचार केला, पोरगा वर्धा जिल्ह्यातला, कापसाचा मुलूख, गाड्याच गाड्या... धाडा त्यालाच. अशा रीतीने मी विलायतेहून बोटीने आलो तो थेट आमच्या केळझरला, पाट्या आणि वंगणाचे डबे घेऊन! मुंबईच्या ऑफिसातला साहेब पोळा झाल्यावर पाहणीला येणार होता. खप दिसला तर सर्टिफिकेट, नाही तर राम राम.

पहिली पाटी मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाने, कौतुकाने गोठ्याच्या भिंतीवर ठोकली. ती बघायला अख्खं गाव लोटलं, आणि हसून हसून बेजार झालं.

"काऊन बाप्पा, याचं वशिंड बोटीतच राह्यलं का?"

"जू कुठी ठेवाव याच्यावर? डोक्यावर?"

वंगणाचा एक डबा खपला नाही. ज्याला बैल ओळखता येत नाही त्याचं वंगण गाडीला कोण लावणार? लोकांचं चुकत नव्हतं. मी तोंडावर हसत होतो, पण रात्रीची झोप उडाली होती. मोठेबाबांनी मला शिकवायला जिवाचं रान केलं होतं आणि 'आमचा पोरगा विलायतेले हाय' हे गावात ऐटीत सांगताना त्यांच्या मिशा थरथरत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आमंत्रण द्यायचं. मोठीआईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, ढवळ्या आणि बांड्या, आमच्या दोन्ही बैलांचे खांदे चोळले आणि कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वळली ती थेट पाटीकडे!

"मोठीआई, अगं तो पत्रा आहे."

"गोठ्यात हाय ना? मंग त्याले काऊन सोडू? सगळे हसून राह्यले बिचाऱ्याले." वशिंड नव्हतंच, तर अंदाजाने तिथे हळद लावली आणि तेवढ्याच अदबीने म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोठेबाबा खो खो हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, तोरण तुटलं आणि बैल घरोघरी पूजेला निघाले. आमचे दोघे पुरणपोळी खाऊन गोठ्यात गेले. ऊन उतरत होतं. मोठीआई परात उचलणार, तेवढ्यात अंगणात एक बैल येऊन उभा राहिला.

तांबडाबुंद. वशिंड नसलेला.

वेसण नाही, कासरा नाही, सोबत माणूस नाही. पाहुण्यासारखा तो उंबऱ्याशी थांबून राहिला. आम्ही सगळे पुतळे झालो. मोठीआई तेवढी पुढे झाली, पाय धुतले, कुंकू लावलं. डाव्या कुशीवर भाकरीएवढा पांढरा डाग होता. तो पाहून म्हणाली, "बसला असन कुठी चुन्यात." तिने परात पुढे केली. त्याने सावकाश, एकही घास न सांडता, सगळं संपवलं, परात चाटली आणि गल्लीत वळला. मोठेबाबा धावत मागे गेले, तर गल्लीत गावचेच बैल आणि गावचीच माणसं. तांबडा कोणी पाहिलाच नव्हता.

आजूबाजूच्या गावांत विचारलं, नागपूरपर्यंत निरोप धाडले. असला बैल कोणाचाच नाही. पण केळझरात एकच चर्चा, "पाटीवरचा पाहुना जेवून गेला!" साहेब येईपर्यंत वंगणाचा एक डबा शिल्लक नव्हता. त्याने खुशीने सर्टिफिकेटवर सही केली आणि खपाचं कारण विचारलं. मी म्हणालो, "स्थानिक चालीरीती."

लंडनला परतल्यावर हॅरीला म्हटलं, "तुझा बैल आमच्याकडे जेवून गेला." वाटलं होतं, हसेल. त्याने पाइप खाली ठेवला.

"डाव्या कुशीवरचा डाग होता?"

डागाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि चित्रात ती बाजू दिसतच नव्हती.

"दाराचा खिळा लागला होता," हॅरी म्हणाला. "जखम भरली आणि तिथे पांढरे केस आले. वडिलांच्या शेतावर नांगर ओढायचा. मी लहान असतानाच गेला." त्याने पाइप पुन्हा हातात घेतला. "कामाला आम्ही त्याला रोज बोलावलं. जेवायला कधी कुणी बोलावलं नव्हतं."

त्याचा हात धरून बसलो.

शिक्षण पुरं करून घरी आलो तेव्हा हे सगळं मोठीआईला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "आवतन देल्लं तं येनारच ना! त्यात काय नवल?"

माझ्याकडे याहून बरं उत्तर आजही नाही. तांबडा पुन्हा कधी आला नाही. पण मोठीआई होती तोवर दर पोळ्याला त्या गंजक्या पाटीला हळद लागायची, आवतन जायचं, आणि पुरणाची एक पोळी जास्तीची लाटली जायची.