पेडलमध्ये अडकलेला होकार

कात्रीताईंना न बोलता केस कापता येत नसत. इलेक्ट्रिक सायकलच्या मागे कात्र्या-कंगव्यांची पेटी बांधून त्या घरोघर फिरायच्या. म्हातारे, बाळंतिणी, पाय मोडून पडलेले अशांचे केस कापायच्या. या घरची बातमी त्या घरी पोचवणं हा त्या कामाचाच भाग आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. वाटेत कोणी दिसलं की ब्रेक, डावा पाय जमिनीवर आणि, "काय म्हणता?"

साऱ्या गल्लीच्या त्या ताई. फक्त उतारावरचे कुलूपवाले त्यांना 'कात्रीबाई' म्हणायचे. पन्नाशी उलटलेला, एकटा, मोजकं बोलणारा माणूस. पण 'ताई' हा शब्द त्यांनी इतकी वर्षं इतक्या शिताफीने टाळला होता, की ते कात्रीताईंच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील?

एका सकाळी पेटीची कडी दुरुस्त करून देता देता ते म्हणाले, "कात्रीबाई, घराची आणखी एक किल्ली बनवलीय."

"का हो, पहिली हरवली?"

"नाही. दुसरी तुमच्यासाठी. म्हणजे, कायमची राहायला येणार असाल तर. घाई नाही. विचार करून सांगा." आणि त्यांनी ती किल्ली दुकानाच्या दारातल्या एका वेगळ्या खिळ्याला लटकवली.

 कात्रीताईंनी मान हलवली. होकारार्थी नाही, नकारार्थी नाही, नुसतीच हलवली. मग पेडलवर असा काही जोर दिला की मोटरने उसळी मारली, पाय सटकला आणि पेडलच्या टोकदार खुंट्यांनी नडगी सोलून काढली.

"ताई, हे काय?" संध्याकाळी धाकटी बहीण किंचाळली. ती सायकलच्या शर्यतींत उतरणारी, या विषयातली घरची तज्ज्ञ.

"घसरला गं पाय."

"घसरणारच! सपाट पेडलं ना तुझी! इतकी जड सायकल, त्यात दगडी रस्ता. बूट पेडलला अडकलेलाच हवा. तळाला पट्टी असते, खट्कन बसते. टाच बाहेर फिरवली की सुटते."

"आणि नाही फिरवली तर?"

"फिरवायची."

"नाही, पण समजा..."

"ताई, फिरवायची!"

तिने आपली जुनी पेडलं बसवून दिली, बूटही दिले. दुसऱ्या दिवशी कात्रीताई आरशासमोर कंगवा हातात धरून "मला हवीय ती किल्ली" हे वाक्य आधी लाजून, मग ठसक्यात, मग सहज आठवल्यासारखं म्हणून पाहून निघाल्या. खट्, खट्! अहाहा, काय उडाली सायकल! दगड नाहीत, खड्डे नाहीत, नुसता वारा. उतार आला, दुकान आलं, कुलूपवाले हातातलं काम टाकून उभे राहिले. टाच! टाच बाहेर! गुडघा फिरला, कंबर फिरली, मानसुद्धा फिरली. टाच काही फिरली नाही.

"येते हं!" असं ओरडत त्या वाऱ्यासारख्या निघून गेल्या.

गिऱ्हाइकांकडे ठीक होतं. तिथे फाटकाला मिठी मारून पाय सोडवता यायचा. दुकानासमोर मात्र ना कठडा, ना खांब. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रस्त्यात कोणासाठी थांबणं म्हणून उरलं नाही. ताई कोणावर तरी रागावल्यात, अशी बातमी सुटली आणि ती पोचवायला, गंमत म्हणजे, ताईंचीही गरज पडली नाही.

"आज बातमी काय?" गल्लीच्या टोकाचे टकलू आजोबा विचारायचे. कापण्यासारखं डोक्यावर फारसं नव्हतंच. ते बातम्यांसाठीच केस कापून घ्यायचे.

"काही नाही हो. थांबताच येत नाही."

"म्हणजे नुसते केसच कापणार?" आजोबांचा चेहरा पडला.

शेवटी बहिणीला सगळं सांगावं लागलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, मग चालत जाऊन सांग ना!"

"वा! चालत गेले तर मुद्दाम गेल्यासारखं नाही का दिसणार? मला जाता जाता सांगायचंय."

आणि मग एक दिवस उतारावरून येताना त्यांना दिसलं, तो खिळा रिकामा होता.

कात्रीताईंनी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल जागच्या जागी थांबली, क्षणभर विचार केला आणि त्यांच्यासकट संथपणे आडवी झाली.

कुलूपवाले धावत आले. "लागलं का?"

"लागलं असेल. आधी माझं ऐका."

"आधी पाय." ते गुडघ्यांवर बसले, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, हे तर कुलूपच आहे! स्प्रिंग किती आवळून ठेवलीय!"

"अहो, मी उत्तर द्यायला..."

"अडकलेल्या माणसाचा होकार मी धरत नाही."

"होकार आहे असं कोणी सांगितलं?"

स्क्रू ढिला करणारा हात थांबला. कुलूपवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सोडवा हो," कात्रीताई घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही सोडवा."

खट्. खट्. दोन्ही पाय मोकळे झाले.

"आता बोला," ते पुटपुटले. "पळूनही जाऊ शकता."

कात्रीताई रस्त्यातच मांडी घालून बसल्या. ठसका, लाज, आरशासमोरचं सगळं कुठल्या कुठे पळालं होतं. "माझी किल्ली कुठाय? खिळ्यावरून काढलीत ना?"

"पुसायला काढली होती." त्यांनी शर्टाच्या खिशातून ती बाहेर काढली. चांगली लखलखत होती. "रोज पुसतो."

सपाट पेडलं परत आली, या वेळी रुंद रबराची. "वेग गेला ना, ताई?" धाकटी हळहळली. "गेला!" ताई आनंदाने म्हणाल्या.

आणि टकलू आजोबांकडे त्या इतक्या उशिरा पोचल्या, की ते गळ्याला टॉवेल गुंडाळून दारातच उभे होते.

"आज तरी बातमी आहे का?"

"आहे," पेटी उघडत कात्रीताई म्हणाल्या. "पण सरळ बसा. हसलात तर कान कापला जाईल."