निमोण्याच्या आप्पांचं छप्पर आन् आमची ट्रॉली

ट्रॉली भाड्यानं देणाऱ्याकडं राडारोड्यापेक्षा किस्सेच जास्त साठतात. राडारोडा निदान कुठंतरी ओतून मोकळं होता येतं, किस्से कुठं ओतणार? छप्पर उतरवायचं म्हटलं की माझी ट्रॉली दारात उभी. शिरूर-दौंडकडच्या निम्म्या गावांत ती अशी उभी राहून आलीय. पण निमोण्याच्या आप्पांच्या एका छपरानं जेवढं दिलं, तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून दिलं न्हाई.

आप्पा म्हंजी माझ्या दोस्ताचे, अमोलचे वडील. अमोल रांजणगावला कंपनीत. निर्व्यसनी पोरगा, पगार बरा, रानाला पाणी, तरी लग्न काही जमंना. पाहुणे घर बघायला यायचे, पोहे खायचे, मान वर करून पत्रे बघायचे आन् "कळवतो" म्हणून जायचे ते जायचेच. मग वरवंडचं स्थळ आलं. पोरगी सगळ्यांनाच आवडली. अमोलची आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "हे स्थळ पत्र्यापायी गेलं तर मी माहेरी जाऊन बसंन." आप्पांनी लगेच ठरवलं, पाहुणे यायच्या आत पत्रे उतरवून स्लॅब टाकायचा.

*

काम सुरू झालं आन् सकाळीच आप्पांचा फोन. "दारात लय राडा झालाय. असशील तसा ये." एवढं बोलून कट.

राडा म्हटल्यावर मला मारामारीच दिसली. आप्पांचं बांधावरनं शेजाऱ्याशी जुनं वाकडं. म्हटलं, लागली वाटतं एकदाची. तालमीतली चार दांडगी पोरं जीपमध्ये घातली आन् सुसाट निघालो. जाऊन बघतो तर आप्पा ओट्यावर निवांत चहा पितायत.

"आप्पा, राडा कुठाय?"

"हा काय," म्हणून त्यांनी विटामातीच्या ढिगाकडं बोट केलं. मग जीपमधनं उतरणारी पोरं बघितली. "माणसं आणलीस ते ब्येस केलं. पत्रे उतरू लागा. ट्रॉली कुठाय?"

पोरं भांडायच्या तयारीनं आली होती, संध्याकाळपर्यंत पत्रे वाहत बसली. त्यातला एक आजही माझा फोन उचलत न्हाई.

*

ट्रॉली लावली तर वेगळीच तऱ्हा. आप्पा माळ्यावरची अडगळ वरनं टाकायचे आन् काकू खालनं काढायच्या.

कान तुटलेली किटली, बूड गेलेली घागर, मोडक्या पाळण्याची दांडी. प्रत्येक वस्तूला काकूंचं एकच, "राहू द्या, लागंल कवातरी." दुपारपर्यंत ट्रॉली रिकामी आन् गोठा भरलेला.

आप्पा वैतागून वरनंच म्हणाले, "मग एक काम कर, मलाच टाक ट्रॉलीत."

काकूंनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. म्हणाल्या, "नगं. लागाल कवातरी."

*

आता भरलेली ट्रॉली गावाबाहेर न्यायची म्हणाल तर तेही सोपं न्हाई. आमच्याकडं राडारोडा म्हंजी फुकटचा भराव. ज्याच्या त्याच्या दारात डबकं असतंच. चार घरं पुढं जात न्हाई तोवर एक आक्का रस्त्यात खुर्ची टाकून बसलेल्या.

"पहिली ट्रॉली माझ्या दारात," म्हणाल्या. "त्याबिगर मी उठायची न्हाई."

केली खाली. मलाही डिझेल वाचल्याचा आनंद. दुसऱ्या दिवशी आक्का परत त्याच खुर्चीत.

"आता काय झालं, आक्का?"

"यात खिळे निघाल्यात. बदलून दे."

*

अमोलची नाइट शिफ्ट होती त्या आठवड्यात. सकाळी कंपनीच्या बसनं दमून घरी आला तर घराला छप्परच न्हाई, उन्हं थेट अंथरुणावर. बिचारा रिकाम्या ट्रॉलीत ताडपत्री अंगावर घेऊन झोपला. मला काय माहीत? मी ट्रॅक्टर जोडला आन् वाळू-खडीची चौकशी करायला न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो.

वाटेत चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं दोन कप आणले.

"अहो, मी एकटाच हाय."

"आन् मागं बसल्यात ते?"

वळून बघतो तर ताडपत्रीतनं अमोलचं डोकं वर आलेलं. डोळे चोळत मला विचारतो, "कंपनीचं गेट आलं का रं?"

*

आन् मग तो रविवार. आप्पांनी वरवंडला निरोप दिला होता, "पुढच्या रविवारी या." आप्पांचा पुढचा म्हंजी येता सोडून त्याच्या पुढचा. वरवंडकरांचा पुढचा म्हंजी येताच. दुपारी दारात गाडी उभी राहिली. पोरीचे वडील उतरले, चुलते उतरले आन् मागनं पोरगी स्वतः, ऋतुजा.

घराच्या नुसत्या भिंती उभ्या. दारात माझी ट्रॉली आडवी. अमोल नुसत्या बनियनमध्ये भिंतीवर चढलेला, पापण्यांपर्यंत धुळीनं पांढरा. काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं.

चुलते म्हणाले, "घर बघायला बोलावलं आन् घर तर ट्रॉलीत भरलंय."

मला हसू आलं. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की ते तिथंच विरलं.

उघड्या खोलीत खुर्च्या टाकल्या. चहा झाला. आप्पा म्हणाले, "स्लॅब पडणारच हाय, सेंट्रिंगवाला सांगून ठेवलाय." पोरीच्या वडलांनी सवयीनं मान वर केली. वर आभाळ. त्यांनी कप खाली ठेवला. "बघू. कळवतो."

काकूंनी ट्रे उचलला. अमोल भिंतीवरनं खाली उतरायचंच विसरला. मला लय वाईट वाटलं.

ऋतुजा मात्र बाहेरच्या भिंतीपाशी उभी होती. तिथं मिस्त्री जमिनीवर चुन्यानं रेघा मारत होता.

"इथं काय येणार?" तिनं विचारलं.

"जिना, ताई. स्लॅबवर जायला."

तिनं रेघा बघितल्या, घर बघितलं, एकदा भिंतीवरच्या अमोलकडं बघितलं. मग मिस्त्रीला म्हणाली, "आतनं घ्या. कुरडया-पापड वर वाळत घालायला मी दर येळी घराला वळसा घालून न्हाई जायची."

मिस्त्रीनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी तिच्या वडलांकडं बघितलं. वडील काही बोलायच्या आत काकू ट्रे तसाच हातात धरून म्हणाल्या, "अवो मिस्त्री, ऐकलं न्हाई का? जिना आतनं."