हरलेल्या डावांची वही

आता तुम्ही हसणारच, तर आधीच हसून घ्या. फजिती माझीच आहे, आणि तरी सांगताना छाती फुगते ती वेगळीच!

मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. दोन वर्षं माझं रेटिंग अकराशेच्या आसपास लोळत पडलं होतं. म्हणून मी एक वही केली. हरलेला प्रत्येक डाव त्याच संध्याकाळी लिहून काढायचा, चूक लाल शाईने. जिंकलेला डाव लिहायचा नाही. जिंकून माणूस काय शिकणार? आणि रेटिंग रोज बघायचं नाही. टॅबवर जिथे तो आकडा दिसतो, तिथे मी चक्क जखमेवरची पट्टी चिकटवली! ती काढायची फक्त एक तारखेला.

पहिल्या महिन्यात बाराशे. दुसऱ्यात तेराशे. तिसऱ्यात चौदाशे वीस!

गंमत म्हणजे संध्याकाळी मी पूर्वीपेक्षा जास्त हरत होतो. समोरचे एकाएकी राक्षसासारखे खेळायला लागले होते. मला शंका आली का? छे! मी वहीत लिहिलं, ‘हरण्यानेच रेटिंग वाढते,’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत ही बातमी पसरली. म्हणजे मीच पसरवली. सेक्रेटरी देसाई तोवर सोसायटीतले पहिल्या नंबरचे खेळाडू. जिन्यात गाठलंच त्यांनी.

“काय भोईर, वह्या लिहून कुणी खेळाडू होतं का हो?”

“रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये या. तीन डाव. टॅब टीव्हीला जोडून, सगळ्यांसमोर!”

“आणि हरलात तर?”

“तर वही रद्दीत!”

बोलून बसलो. तीन महिन्यांची मेहनत, एक अख्खी लाल रिफिल, सगळं पणाला!

रविवारी हॉल भरला. माझी बायको सुनीता पुढच्या रांगेत. सासूबाईही आल्या. त्या गव्हाण गावच्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडेच राहतात. मांडीवर परात घेऊन मागच्या खुर्चीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या.

नवव्या चालीला माझा वजीर गेला. थोड्या वेळाने डावही गेला.

“रद्दीवाल्याला फोन लावू का, भोईर?” देसाई म्हणाले. हॉल खो खो हसला.

तेवढ्यात मागून आवाज आला, “जावयबापू, मी तर असा वजीर कदी सोडीत नाय!”

अख्खा हॉल मागे वळला.

“तुम्ही? म्हणजे काय, आई?”

“तुमी कामावर जाता, टॅब घरीच ऱ्हातो. दुपारी बसते खेलत. लानपनी बाबानी शिकवलेला, मिठागरावर.”

मी सुनीताकडे बघितलं. “अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे!”

म्हणजे दुपारी माझ्याच खात्यावर खेळून त्या रेटिंग चढवत होत्या, आणि संध्याकाळी मी त्यांच्या तोडीच्या माणसांकडून मार खात होतो!

“राहिलेले दोन डाव आजींना खेळू दे की,” देसाई हसत म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे शेवटचं हसू.

सासूबाईंनी परात माझ्या मांडीवर ठेवली. “तवर ह्या सोला.”

दुसरा डाव बावीस चालींत संपला. तिसऱ्यात त्यांचा घोडा असा काही उडाला, की देसाईंचा राजा कोपऱ्यात अडकून मेला. मात! मी परातीसकट उभा राहिलो, शेंगा हॉलभर! घर जिंकलं होतं. वही वाचली होती!

घरी आल्यावर मी विचारलं, “आई, लहानपणचं एवढं लक्षात राहिलं?”

“नाय वो. शिकले ती तुमच्या वहीवरना! रोज वाचते. लाल शाईत जा लिवलाय, ता करायचा नाय. बस!”

वही खरोखरच उपयोगी होती. फक्त लिहिणाऱ्याला सोडून.

आता मी दुसरी वही केली आहे. परवा हरलो नाही म्हणून पान कोरं ठेवलं, तर सासूबाई काळजीत पडल्या.

“असा नका करू, जावयबापू. तुमी हरला नाय, तर मी शिकायचा कशावरना?”