बाहेरून कडी

आमच्या गल्लीच्या टोकाला, दवाखाना आणि इस्त्रीचं दुकान यांच्या मधल्या बोळकांडीत सुतारकाकांचं दुकान आहे. रुंदी एवढीच की एक माणूस आडवा झोपला तर डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लागावेत. ते फक्त दारांचं काम करतात. कोणी कपाटाचं विचारलं तर म्हणतात, "कपाटात माणसं राहतात का? मग मला काय करायचंय त्याचं?" वय पासष्टच्या पुढे, कानामागे पेन्सिल, उजव्या हाताच्या करंगळीचं एक पेर नाही. ते कसं गेलं असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर देतात.

त्यांच्याबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते: हात सोन्याचा, पण वेळ पाळत नाही. दुपारी आणतो म्हणून नेलेलं दार चौथ्या दिवशी येतं. मीसुद्धा ही तक्रार पुष्कळ वेळा केली आहे. आज लिहायला बसले आहे ती त्यांच्या या वेळ न पाळण्याबद्दलच. पण ते सांगायचं तर आमच्या घराचं दार कसं मोडलं तेही सांगावं लागेल, आणि ते मी दोन वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला फक्त "जुनं झालं होतं" एवढंच कळवलं होतं.

माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात आम्ही दोघीच. मी फार काळजी करणारी आई आहे, असं मी चारचौघांत थोडं कौतुकानेच सांगायचे. तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे अपघात, पोलीस, हॉस्पिटल सगळं एकदम उभं राहायचं. मग ती धडधाकट दारात दिसली की कोणीही हुश्श केलं असतं. मी तिच्या कानशिलात द्यायचे. पहिली चपराक दिली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नंतरच्या मी मोजल्या नाहीत. काळजीपोटी हात उठतो, असं वाक्य माझ्याकडे कायम तयार असे.

त्या संध्याकाळी तिच्या क्लासच्या सरांचा फोन आला. तीन आठवडे ती तिकडे फिरकलीच नव्हती. ती घरी आल्याबरोबर मी सुरुवात केली. तिने माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

"दार उघड."

"तू शांत झालीस की उघडते, आई."

किती शहाणं वाक्य होतं ते. पण मला त्याचाच संताप आला. मी खांद्याने दार ढकललं, मग लाथ मारली, मग पुन्हा खांदा. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू लाकडासकट चौकटीतून उपटून आले. मी आत गेले तेव्हा माझ्या हातात लाकडी हँगर होता. कपड्यांच्या घड्या घालताघालता उठले होते, तो तसाच हातात राहिला असेल. मी तो उगारला नव्हता, हात खालीच होता. तरी तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी परत फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. त्या दिवशी मी तिला मारलं नाही, हे मी पुढे बरेच दिवस माझ्या बाजूने धरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतारकाकांना बोलावून आणलं. त्यांनी चौकटीच्या फाटलेल्या लाकडावर बोट फिरवलं.

"काय झालं हो, ताई?"

"वाऱ्याने आपटलं."

ते खाली वाकले. दाराच्या खालच्या फळीवर चपलेच्या तळाचा मातकट ठसा होता. "वाऱ्याच्या पायात चप्पल होती वाटतं," ते म्हणाले.

मी विषय बदलला. कडी बदलायचीच आहे तर आणखी एक बाहेरूनही बसवा, असं सांगितलं. परीक्षा होईपर्यंत.

"बाहेरून?" त्यांनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत तिथेच ठेवली. "बाहेरून कडी कोठाराला लावतात. इथे तर माणूस झोपतं."

"तिचं वय वाईट आहे, काका. तुम्हाला नाही कळायचं."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि दार उतरवायला लागले. मुलगी दप्तर घेऊन निघाली होती, तिला हाक मारून थांबवलं. "बाळ, हे बिजागरीचे स्क्रू धर गं. बारा आहेत. एक हरवलास तर माझी म्हातारी मला जेवायला घालणार नाही." ती ओंजळ करून उभी राहिली. आदल्या संध्याकाळपासून ती पहिल्यांदा हसली ती माझ्या देखत, पण माझ्यामुळे नाही.

मग त्यांनी घराचं मुख्य दार दोनदा उघडून लावून पाहिलं. "हेही खाली घासतंय. रंधा मारून देतो. दोन्ही एकदमच नेतो."

घासत होतं हे खरं होतं. मी बरं म्हटलं. "पण घर उघडं कसं ठेवू?"

"दुपारपर्यंत तर आणतो. आणि जिन्यात इतकी माणसं आहेत, चोर बिचारा येईल कुठून?"

दुपार गेली, संध्याकाळही गेली. मी चौकटीला चादर अडकवली. आणि माणसं यायला लागली. दवाखान्यातला कंपाउंडर वर आला आणि किती वाजले असं विचारू लागला. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. माझं लक्ष गेल्यावर म्हणाला, "हे मागे पडतं हो." तासाभराने खालची इस्त्रीवाली चादर बाजूला करून सरळ आत आली, "वहिनी, जरा टेकते, गुडघे गेले," म्हणून बसली आणि अर्धा तास सुनेची तक्रार करून उठली. दुसऱ्या दिवशी कोणाला स्टूल हवं होतं, कोणाला थर्मामीटर. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी चमचासुद्धा मागायला आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, दार काय गेलं, घराची धर्मशाळा झाली.

त्या दुसऱ्या दिवशी मुलगी साडेआठला घरी आली. सहाला यायला हवी होती. फोन बंद. सहा ते साडेआठ माझ्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहिलं ते लिहीत नाही. चादर हलली, ती आत आली, आणि माझा हात खांद्याच्या वर गेला. हे मला पक्कं आठवतं, कारण तो वर असतानाच तिच्या मागून आवाज आला.

"वहिनी, हा शर्ट तुमचा का?"

इस्त्रीवाली होती. घडी केलेला, भल्या थोरल्या मापाचा, रेघारेघांचा शर्ट तिने दोन्ही हातांवर धरला होता. आमच्या घरात त्या मापाचं कोणी नाही आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. आमचे कपडे तीच करते. पण तिने तो पुढे केला होता आणि माझा हात वर होता, तो कुठेतरी न्यायलाच हवा होता. मी शर्ट घेतला. अजून गरम होता.

"नाही, आमचा नाही," मी म्हणाले.

"मग कोणाचा असेल बाई?" म्हणत ती बसली. "पाणी दे गं, पोरी. उशीर झाला वाटतं तुला? बस मिळाली नाही ना? आज सगळ्यांचीच बोंब आहे." मुलीने तिला पाणी दिलं, स्वतः प्यायली, आणि मला न विचारता तिच्या शेजारी बसली. इस्त्रीवाली पाऊण तास हलली नाही. जाताना शर्ट घेऊन गेली.

त्या रात्री मुलीने कपाटावरची बॅग काढून भरायला घेतली. मावशीकडे जाते म्हणाली, शनिवारी. कायमची का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेले. काका नव्हते. आत भिंतीला आमची दोन्ही दारं उभी होती. रंधा मारून, पॉलिश करून, वाळून तयार. पॉलिशला हात लावला तर बोटाला काही लागलं नाही. कालचं नव्हे, परवाचं काम होतं ते.

काका चहा घेऊन परतले तेव्हा मी फटकळपणे म्हणाले, "तयार आहेत की!"

"हो. त्याच दिवशी झाली."

"मग तीन दिवस मला उघड्यावर बसवून ठेवलंत? का?"

"ज्या घरात दार नसतं, ताई, तिथे कोणी कोणाला फारसं मारत नाही." त्यांनी अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून माझ्यापुढे ठेवला. "मी फक्त खाली सांगतो, अमक्या मजल्यावर दार नाही म्हणून. कशामुळे ते सांगत नाही, कोणी विचारतही नाही. आळीपाळीने चक्कर टाकतात. बाकी आम्हाला काय येतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे कंपाउंडर, स्टूलवाले, थर्मामीटरवाले, सगळ्यांना माहीत होतं! दोन पदव्या घेतलेली, मुलांच्या संगोपनावर सोसायटीत भाषण दिलेली बाई, आणि खालची माणसं तिच्यावर पहारा करत होती. त्या क्षणी मला लाज वाटली ती केवळ लोकांना कळलं याची. मुलीचे तोंडावर घेतलेले हात तेव्हा माझ्या मनातसुद्धा नव्हते. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी टोचून विचारलं.

त्यांनी चहा संपवला. "तिशीत असताना एकाने बाहेरून कडी बसवून घेतली. बायकोच्या खोलीला. मी विचारलं नाही. सहा स्क्रू लावले, वर शाबासकी घेतली. अकरा दिवस ती बाई आत होती. आतून धडका मारून खांदा निखळला तिचा, पण कडी हलली नाही. इतकं पक्कं काम केलं होतं मी." कप खाली ठेवून म्हणाले, "वाचली. पण तिने मला रस्त्यात ओळखलं एकदा."

पुढे त्यांनी हेही सांगितलं की सगळीकडे जमत नाही. एका घरी लोकांनी दाराच्या जागी कपाट सरकवलं आणि आत टीव्ही मोठ्याने लावला. तिथे शेवटी सगळ्यांना मिळून पोलिसांत जावं लागलं, तेही उशिराच. आपलं कौतुक ऐकण्यासाठी ते बोलत नव्हते. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"संध्याकाळी दारं आणतो," ते म्हणाले. "कडी कुठल्या बाजूने बसवायची ते पोरीला विचारून सांगा. मी नाही विचारणार. तुम्ही विचारा."

सतरा वर्षांत मी तिला हजार प्रश्न विचारले असतील. कुठे होतीस, कोणाबरोबर, का. हा पहिल्यांदाच विचारणार होते. ती बॅगेत पुस्तकं भरत होती. मी चौकटीत उभी राहिले, आत गेले नाही.

"काका विचारतायत," असं म्हणाले, आणि मग ते खोटं वाटून पुन्हा म्हणाले, "मी विचारतेय. तुझ्या दाराला कडी कुठून हवी?"

तिने वर पाहिलं नाही. "आतून. आणि या वेळी पक्की. मग शनिवारचं बघते."

बघते म्हणाली. जात नाही असं म्हणाली नाही. तेवढंच घेऊन मी परत जिना उतरले.

काका दारं हातगाडीवर चढवत होते. मी सांगितलं, आतून, पक्की.

"किती पक्की?"

त्यांना सवयीने विचारायचं असेल, पातळ की जाड, पितळी की लोखंडी. इस्त्रीवाली शेजारच्या टेबलावरून ऐकत होती. तरीही मी उत्तर दिलं.

"माझं वजन अडुसष्ट किलो आहे, काका."

त्यांनी मान हलवली, हातगाडी थांबवली आणि लांब स्क्रू आणायला आत गेले.