गोडीचा भार

माघातली थंडी ओसरू लागली की निफाडच्या आमच्या बागेतल्या पिकत्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास कोवळ्या उन्हासोबत ओट्यापर्यंत येतो. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले, त्या वर्षी या वासाचा मला प्रथमच धाक वाटला. सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली होती. गर्भाला पोसणाऱ्या वारेतून स्रवणारी द्रव्यं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, बाळंतपणानंतर हे बहुधा उतरेल, तोवर जपा, असं नाशिकच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं.

आता द्राक्षबागेत राहून गोडापासून जपायचं तरी कसं? रोज सकाळी अण्णा, माझे वडील, एका मण्याचा रस काचेवर पिळून गोडी मोजायची छोटी नळी उजेडाकडे धरत आणि एक डोळा मिटून आकडा पाहत; त्याच वेळी ओट्यावर बसून मी बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावत असे. त्यांचा आकडा चढला की घर आनंदून जाई, माझा चढला की मी आदल्या दिवशीचा घासन् घास आठवत बसे. आईने चहातली साखर मुकाट्याने बंद केली, भाताची वाटी लहान केली. पण बागेतला पहिला घड देवापुढून उचलून माहेरवाशिणीच्या हाती द्यायची आमच्या घरची रीत मोडणं तिच्या जिवावर आलं. मी मागे सरले, तेव्हा ती दुखावून म्हणाली, "वेलीवरचं फळ हाय, त्याला का कुणी साखर घातली?" दोन जिवांच्या बाईचं मन मोडू नये, या तिच्या मायेपुढे माझा नकार टिकला नाही. तो घड संपला, मग दुसरा आला.

फाल्गुनात नाशिकच्या दवाखान्यात मला मुलगी झाली, चांगली चार किलोंची. दंडाला वळ्या, गाल फुगीर. आईने लगेच कानामागे काजळाचं बोट टेकवलं, अण्णा पेढे आणायला धावले, आणि एवढं भरलेलं बाळ आपल्या कुशीत वाढलं, याचा मलाही अभिमान वाटला. मग तिच्या इवल्या मुठी थरथरू लागल्या. सिस्टरने टाचेतून थेंब घेतला. लेकीची साखर फार खाली गेली होती.

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. डॉक्टर शांतपणे सांगत होते की माझी जादा साखर नाळेतून तिच्यात उतरत होती, ती जिरवायला तिचं शरीर आधीपासूनच इन्सुलिन वाढवत बसलं होतं. नाळ कापताच साखर थांबली, इन्सुलिनची सवय मात्र थांबली नाही. ज्या बाळशाचं कौतुक चाललं होतं, ते म्हणजे माझ्याच रक्ताने तिच्यावर लादलेला भार होता. दूध पुरलं नाही तर सलाइन लावावं लागणार होतं.

आईने पिशवीतून मधाची बाटली काढली. बाळाला चाटवायला घरून आणलेली. साखर कमी पडलीय, तर मग बोटभर मध चाटवते, असं ती केविलवाणी होऊन म्हणत होती.

"मध नाही, आजी," सिस्टर म्हणाली. "आईचं दूध. थेंबभर निघालं तरी तेच."

तेही सहजी येईना. सिस्टरने वाटी धरली, आईने माझी पाठ चोळली, आणि वेदनेनंतर दाट, पिवळसर थेंब वाटीच्या तळाशी जमले. चमच्याच्या कडेने ते लेकीच्या तोंडात गेले तशी ती चुटूचुटू ओठ हलवू लागली. थोड्या वेळाने पुन्हा टाच टोचली. नको, अजून वर नको, अशी ज्या आकड्याची मी दोन महिने मनधरणी केली होती, तोच आकडा आता वर यावा म्हणून मी हात जोडून बसले होते.

तो किंचित वर आला. संध्याकाळी पुन्हा बघू, असं म्हणत सिस्टर निघून गेली. दारात अण्णा उभे होते, हातातला पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला.